रेवती जमलं, मग उत्तमला इतका वेळ का? विमानाचं आणि नौकेचं रडार

खाजणकाठ:
बंगळुरूच्या एलआरडीईनं (डीआरडीओची रडार प्रयोगशाळा) घडवलेलं रेवती हे त्रिमितीय टेहळणी रडार आयएनएस कामोर्टावर बसलं आणि ती नौका २०१४ मध्ये नौदलात दाखलही झाली. त्याच संस्थेचं उत्तम हे तेजस लढाऊ विमानासाठीचं एईएसए रडार (बीम इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं वळवणारं) मात्र रखडत आलं. फेब्रुवारी २०२१ च्या ८३ मार्क १ए विमानांच्या करारात सुरुवातीच्या विमानांना इस्रायली ईएलएम-२०५२ मिळालं. सप्टेंबर २०२५ च्या ९७ विमानांच्या करारात उत्तमचा स्पष्ट उल्लेख आहे.

दोन प्रश्न. नौकेवर जमलेलं विमानाच्या नाकात बसवायला एवढं काय अडतं? आणि उत्तमचीच टीआर मॉड्यूलं (प्रक्षेपण-ग्रहण करणारे छोटे घटक) चार-पाच हजार लावून नौकेसाठी मोठं रडार का करत नाहीत?

डेसिबल:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. मुळात रेवती एस बँडचं (तरंगलांबी सुमारे १० सेंमी), फिरत्या अँटेनाचं रडार. उत्तम एक्स बँडचं (सुमारे ३ सेंमी), न फिरणारं, प्रत्येक मॉड्यूलमध्ये स्वतःचा प्रक्षेपक आणि ग्राहक असलेलं. कूळ एकच असलं तरी घडण वेगळी.

१० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंमी, म्हणजे दोन घटकांमधलं अंतर साधारण १५ मिमी. तेवढ्या जागेच्या मागे प्रवर्धक, बीम वळवणारा फेज शिफ्टर, ग्राहकाला जळण्यापासून वाचवणारा लिमिटर आणि थंड द्रव खेळवायची वाट बसवायची. समजा ७०० मॉड्यूलं, प्रत्येकाची शिखरशक्ती १० वॅट आणि ड्यूटी (प्रक्षेपण चालू असण्याचा वेळ) १० टक्के. सरासरी ७०० वॅट बाहेर पडतात. मॉड्यूलची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर २.१ किलोवॅट उष्णता तिथेच, नाकात साचते. ड्यूटी २० टक्क्यांवर नेली की ४.२ किलोवॅट. नौकेवर गार पाण्याची सोय जहाजातच असते, विमानात द्रव, पंप आणि उष्णता-विनिमयक हे सगळं वजनाच्या हिशेबात धरावं लागतं.

उष्णतेचा खरा फटका फेजला, म्हणजे घटकांच्या लहरींच्या आपसातल्या ताळमेळाला बसतो. १ मिमीचा फरक म्हणजे हवेत १२ अंश. सहा बिटांच्या फेज शिफ्टरची पायरी ५.६ अंशांची, तिची सरासरी चूक १.६ अंशच, म्हणून ती त्रास देत नाही. त्रास देतात ते तापमानानं सरकणारे आणि वयोमानानं बदलणारे प्रवर्धक. ९०० घटकांत ५ अंशांची यादृच्छिक चूक असेल तर तिच्यामुळे तयार होणारे साइडलोब (बाजूंना गळणारे झोत) मुख्य बीमच्या सरासरी ५० डेसिबल खाली राहतात. २० अंश झाली की जेमतेम ३९. म्हणून कॅलिब्रेशन चेंबरमध्ये एकदा करून भागत नाही. तापमानानुसार तक्ते लागतात, आणि उडतानाही मॉड्यूलं तपासत राहावी लागतात.

साइडलोबची एवढी चिंता का, तर विमान खाली पाहतं. खालच्या जमिनीचा परावर्तित संकेत साइडलोबमधून शिरतो आणि लक्ष्याच्या संकेतापेक्षा कित्येक पट मोठा असतो. सेकंदाला ३०० मीटर वेगानं जवळ येणाऱ्या विमानाचा डॉप्लर (वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक) २० किलोहर्ट्झ. १५ किलोहर्ट्झ पीआरएफ (सेकंदाला १५ हजार स्पंदनं) वापरला तर अंतर दर १० किलोमीटरला संदिग्ध होतं आणि वेगही संदिग्ध होतो. मग आठ पीआरएफ फिरवून किमान तिनांत जुळलं तरच लक्ष्य खरं मानायचं. उंबरठा सैल ठेवला की पडद्यावर भुतं नाचतात, घट्ट केला की खरं विमान निसटतं. हे संगणकावर पुरतं जमत नाही. वाळवंट, डोंगर आणि समुद्र यांवर उडवून नोंदी गोळा कराव्या लागतात. म्हणूनच उत्तम आधी एक्झिक्युटिव्ह जेटवर आणि नंतर तेजसच्या चाचणी विमानांवर उडवलं. एचएएल-एलआरडीईचं जुनं मल्टिमोड रडारही याच संकेत-प्रक्रियेच्या बाजूला अडलं, आणि मग इस्रायली ईएलएम-२०३२ चं तंत्रज्ञान घेऊन संकरित रडार करावं लागलं.

रेडोम, म्हणजे रडारवरचं नाकाचं कवच, विसरू नका. तेजसच्या केव्हलार रेडोममुळे पल्ला कमी पडत होता, क्वार्ट्झचा बसवल्यावर सुधारला. रडार निर्दोष असूनही आकडे पडतात ते असे.

दर्यावरचा वारा:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. नौकेला दूरवरच्या टेहळणीसाठी एक्स बँड नको असतो. पावसात तो जास्त क्षीण होतो आणि त्याच क्षेत्रफळाला घटक फार लागतात. एस बँडला अंतर ५ सेंमी, म्हणजे एका चौरस मीटरला ४००. एक्स बँडला तेवढ्याच जागेत ४,४०० पेक्षा जास्त. म्हणून उत्तमची मॉड्यूलं उचलून नौकेवर लावायची कल्पना बाद. कामाला येतात ती कौशल्यं: मॉड्यूल बांधणी, कॅलिब्रेशन, प्रोसेसर.

नौकेची खरी लढाई क्षितिजाशी असते. २५ मीटरवर अँटेना आणि ५ मीटरवरून येणारं क्षेपणास्त्र: पृथ्वीच्या वक्रतेमुळे ते दिसू लागतं ४.१२ × (√२५ + √५), म्हणजे सुमारे ३० किलोमीटरवर. सेकंदाला ३०० मीटरनं आलं तर १०० सेकंद, ९५० मीटरनं आलं तर ३१. मिनिटाला १२ फेऱ्या घेणारं रडार दर ५ सेकंदांनी बघतं. ट्रॅक पक्का करायला तीन दर्शनं धरली तर १० ते १५ सेकंद गेलेच. चार स्थिर पॅनेलं इथे कामी येतात, आणि कोलकाता, विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांवर चार पॅनेलांचं इस्रायली एमएफ-स्टार रडार आहे ते त्यासाठीच.

पण चार पॅनेलं उंचावर चढवली की वजन वर जातं आणि नौकेची स्थिरता घटते. अँटेना वर न्यावी तर क्षितिज लांबतं, खाली आणावी तर नौका स्थिर. नौदल वास्तुशास्त्रज्ञ आणि रडारवाले यांचं भांडण नेहमी इथेच. शिवाय डोलकाठीभोवती दळणवळण, ईडब्ल्यू (इलेक्ट्रॉनिक युद्ध) यंत्रणा आणि इतर रडारं एकमेकांना आंधळी करतात. कोण कधी गप्प बसायचं याचं वेळापत्रक करावं लागतं. खारा दमट वारा कनेक्टरांत शिरतो तो वेगळाच.

खाजणकाठ:
प्रवर्धकांच्या चिपांत गॅलियम नायट्राइड हा नवा अर्धवाहक आला की पल्ला दुप्पट होईल असं सगळीकडे वाचतो. खरं का?

डेसिबल:
फक्त शक्ती दुप्पट केली तर नाही. पल्ला शक्तीच्या चौथ्या मुळाप्रमाणे वाढतो: २ चं चौथं मूळ १.१९, म्हणजे १९ टक्के. दुप्पट पल्ल्याला १६ पट शक्ती लागेल. मॉड्यूलं वाढवली तर शक्ती, प्रक्षेपणाचा गेन (झोत एकवटण्याची ताकद) आणि ग्रहणाचं क्षेत्रफळ असे तिन्ही वाढतात, म्हणून पल्ला संख्येच्या ३/४ घाताप्रमाणे वाढतो. ७०० ची ९०० केली की २१ टक्के. नाकाचा घेर मात्र ठरलेला, त्यामुळे ही वाट लवकर संपते.

गॅलियम नायट्राइडचा मोठा फायदा शक्तिघनता आणि जास्त तापमान सोसण्याची ताकद हा आहे. पण छोट्या चिपमधून तेवढी उष्णता बाहेर काढायची तर पायाही चांगला लागतो, म्हणून सिलिकॉन कार्बाइड. दिल्लीच्या एसएसपीएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं ४ इंची सिलिकॉन कार्बाइड वेफर आणि १५० वॅटपर्यंतचे गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर, ४० वॅटपर्यंतच्या एमएमआयसी (सूक्ष्मतरंग) चिपा बनवायची प्रक्रिया देशात उभी केली आहे. माझ्या मते हे नव्या रडारच्या घोषणेपेक्षा मोठं. प्रयोगशाळेतला वेफर आणि हजारो सारख्या मॉड्यूलांचा पुरवठा यांत मात्र पट्टीभर नव्हे, मैलाचं अंतर असतं. एका अँटेनावरच्या चिपांचा गेन (संकेत वाढवण्याचं प्रमाण) एकमेकांशी जुळत नसेल तर वर सांगितलेली साइडलोबची कटकट पुन्हा सुरू.

दर्यावरचा वारा:
आणखी एक, जे बातम्यांत येत नाही. रडारनं लक्ष्य दाखवलं म्हणून क्षेपणास्त्र लागत नाही. विमानातून विमानावर डागायच्या अस्त्रसारख्या क्षेपणास्त्राला वाटेत लक्ष्याची नवी जागा कळवत राहावी लागते. ट्रॅकची अचूकता, संदेशाची वेळ, मिशन संगणकाचं घड्याळ आणि क्षेपणास्त्राच्या लाँचरचं आरेखन सगळं जुळावं लागतं. एका रडारसोबत जमलेली ही जोडणी दुसऱ्या रडारला आपोआप लागू होत नाही. रडार बदललं की चाचण्या परत, सेमिलॅकची (लष्करी विमानांना उड्डाणयोग्यता देणारी संस्था) प्रमाणपत्रंही परत.