उत्तर: 'फॉरमॅट' आणि 'टीफॉरमॅट' एकच का?

फोंड्यातल्या मुलांसाठीच्या पुस्तिकेच्या मसुद्यात 'गिट लॉग'चे (कोडमधल्या बदलांच्या नोंदी, म्हणजे 'कमिट', दाखवणारी आज्ञा) आउटपुटचा साचा ठरवणारे हे दोन पर्याय समानार्थी म्हटलेत; ते एकच नाहीत, ही त्यावरची हरकत रास्तच आहे. त्यात थोडी भर.

'फॉरमॅट:' नव्या ओळीचं चिन्ह फक्त दोन नोंदींच्या मध्ये टाकतो, 'टीफॉरमॅट:' प्रत्येक नोंदीनंतर. पडद्यावर फरक कळत नाही. पण '-१' लावून एकच कमिट मागा आणि 'फॉरमॅट:'चं आउटपुट ही चिन्हं मोजणाऱ्या 'डब्ल्यूसी -एल' आज्ञेला द्या: उत्तर शून्य! ओळीमागून ओळ वाचणाऱ्या साध्या 'व्हाइल रीड' लूपमध्येही शेवटची नोंद गळते, आणि पोरं बिचारी स्क्रिप्टमध्येच चूक शोधत बसतात. उलट '--फॉरमॅट=%एच' (%एच म्हणजे कमिटची ओळखखूण, हॅश) असं, पुढे 'फॉरमॅट:' न लावता, थेट लिहिलं तर तो 'टीफॉरमॅट'च धरला जातो; खरा गोंधळ इथलाच.

पुस्तिका चवथीआधी छपाईला जायची आहे, तेव्हा 'समानार्थी' हा शब्द काढा आणि 'डब्ल्यूसी'चं उदाहरण तिथेच घाला.