मदत हवी आहे: 'बेळगाव मिलिटरी स्कूल, १९४६' म्हणून विकायला आलेला खाकी कोट कुठल्या काळातला?

जुनाबाजार_पुणे
विकणाऱ्याच्या मते कोट बेळगावच्या किंग जॉर्ज मिलिटरी स्कूलचा आहे. सुती खाकी, छाती ३० इंच, पुढे चार पितळी बटणे, त्यांवर अशोकस्तंभाचे सिंह. सोबत टोपीचा पितळी बिल्ला: वर मुकुट, खाली 'जीआरआय' ही इंग्रजी अक्षरे, मागे दोन कड्या. कोटाच्या आत काळ्या शाईचा शिक्का आहे, त्यात बाण दिसतो पण साल वाचता येत नाही. सिंह आणि मुकुट एकत्र कसे? घ्यावा का?

बटणपेटी
सिंहांवरून लगेच कोट बाद करू नका. खाकी ड्रिलच्या (जाड सुती कापडाच्या) कोटाची पितळी बटणे बऱ्याचदा शिवलेली नसतात. बटणाची कडी काजातून आत घालून मागे रिंग अडकवतात, म्हणजे धोब्याकडे देताना काढता येतात. त्यामुळे सगळा संच दोन मिनिटांत बदलता येतो. सिंह १९५० नंतरचे, पण ती तारीख बटणांची, कोटाची नव्हे.

बटण काढून खालचे कापड बघा. गडद गोल डाग बटणाच्या मापाचा असेल तर तेच माप वर्षानुवर्षे तिथे होते. डाग मोठा आणि बटण लहान, तर बटण नंतरचे. बटणाचे माप 'लाइन'मध्ये सांगतात: ४० लाइनचे बटण बरोबर १ इंच, ३० लाइनचे १९ मिमी.

बाणावरून इंग्रजी काळ ठरत नाही. सरकारी मालावरचा हा बाण स्वातंत्र्यानंतरही चालू होता.

ठसा_आणि_डाख
बिल्ल्याबद्दल. बेळगावची शाळा १९४५ ची. २६ जानेवारी १९५० ला मुकुट गेला. म्हणजे बेळगावच्या मुकुटवाल्या बिल्ल्याला जेमतेम चार-पाच वर्षे मिळतात. असा माल मुळात कमी, म्हणून नकलाच जास्त.

'जीआरआय' मधला 'आय' म्हणजे सम्राट. ही पदवी सहाव्या जॉर्जने जून १९४८ मध्ये सोडली, तेव्हा अक्षरे १९४६ शी जुळतात. आता मुकुटाच्या कमानी बघा. गोलसर चढलेल्या असतील तर राजाचा मुकुट. मध्यभागी खाली दबलेल्या असतील तर १९५३ नंतरचा राणीचा, आणि तो भारतीय सरकारी शाळेच्या बिल्ल्यावर असूच शकत नाही. तिथेच विषय संपला.

मग पाठ बघा. ठशाने दाबलेल्या पत्र्याच्या बिल्ल्याला मागे पुढच्या नक्षीचा उलटा खोलगटपणा असतो. ओतीव नकलेची पाठ सपाट, बारीक खड्ड्यांची. ओतलेले पितळ निवताना आकसते, म्हणून ती अस्सलापेक्षा किंचित लहानही भरते. कड्यांचा डाख (जोडाचा धातू) चकचकीत आणि बाकी बिल्ला काळपट असेल तर कड्या नव्या. आणि कृपा करून ब्रासो (पितळेचे पॉलिश) लावू नका, होता नव्हता पुरावा पुसला जाईल.

जुनाबाजार_पुणे
कमानी गोल आहेत. पाठ सपाट, खड्डे आहेत. बटणाखालचा डाग बटणाएवढाच. यूव्ही टॉर्चखाली पूर्ण कोट निळा चमकतो. म्हणजे नवा?

बटणपेटी
नाही. टिनोपॉलमध्ये (कपडे उजळवणारी पावडर) किंवा डिटर्जंटमध्ये धुतलेले जुने सुती कापडही तसेच चमकते. जाळून बघा. कुशीच्या शिवणीचा आणि बाहीच्या दुमडीचा, दोन्हीकडचा आतला दोरा १ सेंमी काढा, चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. सुती दोरा जळताना कागदाचा वास येतो, मऊ राखाडी राख पडते. पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी होतो.

जुनाबाजार_पुणे
कुशीचा दोरा सुती. बाहीच्या दुमडीचा मणी झाला.

ठसा_आणि_डाख
मग बाही पॉलिएस्टरच्या दोऱ्याने, म्हणजे नंतर, मोकळी केली किंवा आखडली आहे. शाळेच्या कोटात हे नेहमीचेच, पोरे उंच होतात आणि कोट धाकट्याला जातो. मूळ शिवण सुती म्हणून कोट जुना असू शकतो, पण १९४६ ला पुरावा नाही. बटणे त्यावर बराच काळ राहिली, एवढाच डागाचा अर्थ. बिल्ला मात्र ओतीव, तो बाजूला ठेवा.

उरला शिक्का. कापड ओले करू नका. अंधारात टॉर्च अगदी आडवा धरून फोटो काढा, मग यूव्हीखाली एक काढा. चमकत्या कापडावर शाई काळी उठून दिसते. बाणाशेजारी दोन किंवा चार अंकी साल सापडते का बघा. ते वाचता आले नाही तर पन्नाशीच्या दशकातला खाकी कोट म्हणून भाव करा, बिल्ल्याचा शून्य धरून.

छावणीकर
एक पुरवणी. हाच १९५० चा हिशेब खासगी शाळांना लावू नका. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल (१९३७) सरकारी चिन्हांना बांधलेली नव्हती, तेव्हा तिथल्या बिल्ल्यावर मुकुट नसला म्हणून तो नंतरचा ठरत नाही. उलट साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ ची. तिच्या नावाने कुणी मुकुटवाला बिल्ला दाखवला तर हातही लावू नका.