सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना भेट काय द्यावी? तुमचे अनुभव लिहा

नौपाड्याची आत्या
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून माझा शाळेतला ग्लोव्ह खाली आला. चामडं कडक झालंय, करंगळीकडची वादी तुटलीय, पण हात आत घातला आणि बोटं बरोब्बर आपापल्या जागी गेली. आमच्या वेळी ग्लोव्ह मोजकेच. बाजू बदलली की ते मैदानातच ठेवून यायचं, समोरच्या मुली तेच घालायच्या. हा काकांनी धोबीतलावहून खास माझ्यासाठी आणला होता, म्हणून एवढी वर्षं टाकवला नाही.
आता भाची सहावीत आहे आणि शाळेच्या टीममध्ये आलीय. तिला दिवाळीला खेळाचंच काहीतरी द्यायचंय. तुम्ही काय दिलंत, तुम्हाला काय मिळालं, घरी सराव कसा करून घेता, सगळं लिहा.

कोपरखैरणेची आई
ग्लोव्ह. डोळे मिटून ग्लोव्ह. फक्त फ्रॉकसारखा वाढत्या अंगाचा घेऊ नका. आमच्या सासूबाई म्हणत होत्या मोठाच घे, दोन वर्षं जाईल. सरांनी हात जोडले! मोठा ग्लोव्ह लहान हाताला मिटतच नाही, बॉल आत येतो आणि टुणकन बाहेर. लेक दहा वर्षांची, तिला ११ इंची बरोबर बसला. दुकानात तिला घालायला लावा आणि नुसता उघडझाप करायला सांगा. सहज मिटला तरच पैसे द्या.
आणि फेकायचा हात उजवा असेल तर ग्लोव्ह डाव्या हाताचा. दुकानदाराला हे आधीच सांगा.

ऐरोलीकर
आमची डावखुरी आहे हो. उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह म्हटलं की दुकानदार आत जातो तो बाहेरच येत नाही. शेवटी ऑनलाइन मागवला.

कोपरखैरणेची आई
@ऐरोलीकर अगदी अगदी. तिच्या टीममधल्या एकीचं हेच झालं.

कळव्याचा दादा
पहिल्या पगारातून भाऊबीजेला बहिणीला बॅट दिली. आई म्हणे ओवाळणीत बॅट कोण देतं? बहीण मात्र ताटातलं निरांजन विसरून तिथेच स्टान्स घेऊन उभी!
माप असं घ्यायचं: मुलीला ताठ उभं करा, हात सैल खाली सोडायला सांगा. बॅटचं टोक पायाशी जमिनीवर टेकवलं की मूठ मनगटाशी आली पाहिजे. मग एका हातानं बॅट बाजूला आडवी धरायला लावा. अर्ध्या मिनिटाच्या आत हात थरथरून खाली यायला लागला तर ती जड आहे, ठेवून द्या. आणि बेसबॉलची बॅट गळ्यात मारतात, ती घेऊ नका. तिचा पुढचा भाग जाड असतो. सॉफ्टबॉलच्या बॅटीचा व्यास जास्तीत जास्त सव्वादोन इंच.

वर्तकनगर_वहिनी
चकल्या तळता तळता लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. कोणी बुरशीबद्दल लिहिलंच नाही? ठाण्याच्या पावसात ग्लोव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिला की आठवड्यात पांढरा. भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि पंख्याखाली ठेवायचा. कडक उन्हात नको, गॅसजवळ तर नकोच, चामडं तडकतं. खोबरेल तेलही चोपडू नका, नुसता जड होतो. नवा असेल तर खोबणीत बॉल ठेवून जुन्या ओढणीनं आवळून बांधा आणि रोज झेल घ्यायला लावा, हळूहळू मऊ होतो.
आत्या, तुमची वादी चपला शिवणारे काका बदलून देतील. आमच्या नाक्यावरच्यांनी दिली.

नौपाड्याची आत्या
वहिनी, आजच विचारते. चकल्यांना भाजणी घरची का?

वर्तकनगर_वहिनी
घरचीच. पण या खेपेला जरा मऊ पडल्यात.

कळव्याचा दादा
मोहन कमी करून बघा 🙂

खारघर सेक्टर वीस
आमच्या सोसायटीत खरा बॉल काढायचा नाही असा नियमच आहे, आणि बरोबर आहे. १२ इंच घेराचा, पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचा गोळा कुणाच्या काचेवर गेला तर? म्हणून मुलीला वाढदिवसाला टी, म्हणजे वर बॉल ठेवून फटका मारायचा उभा दांडा, बनवून दिला. प्लंबरकडे उरलेला पीव्हीसी पाइप, तो रंगाच्या रिकाम्या डब्यात रेती-सिमेंट ओतून उभा केला, वर वॉशिंग मशिनच्या जुन्या नळीचा वीतभर तुकडा खोचला. बॅट लागली तरी नळी वाकते आणि परत सरळ होते. समोर गच्चीवर हिरवी शेडनेट दुहेरी टांगली. बॉल म्हणून मोज्यांचे गोळे आणि भोकं पाडलेले प्लॅस्टिकचे हलके चेंडू. रोज शाळेतून आली की पन्नासेक फटके मारते, तेव्हाच खाली खेळायला जाते.

सीवूड्सचे बाबा
मी मुलीला फेस मास्क दिला, ती थर्ड बेसला, म्हणजे तिसऱ्या बेसजवळ फील्डिंगला असते. घरात सगळे म्हणाले ही काय भेट? पण बेसपासून बेस ६० फूट, बॅटर बंट करणार (बॅट नुसती आडवी धरून बॉल हळूच जवळ पाडणार) वाटलं की ही आणखी पुढे धावते, आणि बॅटरनं ऐन वेळी जोरात फटका मारला तर डोळा मिटायला वेळ नाही. हेल्मेट शाळा देते, पुढे जाळी आहे का ते मात्र बघून घ्या. घसरून बेस गाठायला शिकत असेल तर स्लायडिंग शॉर्ट्सही. आमच्याकडे कोपर आणि मांड्यांची सालटं गेली होती, पोरीनं हूं की चूं केलं नाही.

पिचर_बारावी
मी स्वतः खेळते, पिचर आहे, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारी, म्हणून लिहिते. मला मामाने उएनोचा फोटो फ्रेम करून दिला होता. युकिको उएनो, जपानची पिचर. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत तीन सामने आणि ४१३ पिच, म्हणजे तेवढे बॉल टाकले, आणि शेवटी अमेरिकेला हरवून सुवर्ण. मग सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून गेला, टोकियोला परत आला तर तिथेही तीच, पुन्हा सुवर्ण! आता २०२८ ला परत आहे.
पण फोटोपेक्षा मोठं म्हणजे मामा रोज संध्याकाळी बिल्डिंगमागे उलट्या बादलीवर बसून माझे पिच झेलायचा. क्रिकेटचे जुने पॅड बांधून. ऑफिसमधून आला की चहासुद्धा नंतर. पिचरला समोर झेलणारं कुणी नसेल तर महागडा ग्लोव्ह घेऊन ती करणार काय? आत्या, तुम्ही खेळलेल्या आहात, भाचीसमोर बसा ना.

कोपरखैरणेची आई
किती गोड मामा 🙏

सीवूड्सचे बाबा
बेटा, मामांना आमचा नमस्कार सांग. उद्याच बादली काढतो.

सानपाडा_रेवती
फक्त वाचत होते. आमच्याकडे ३० इंची बॅट पडून आहे, हलकी आहे, मूठीची टेप नवीन लावलीय. मुलगी आता ३२ वापरते. पैसे नकोत, खेळणाऱ्या मुलीकडे जाऊदे.

ऐरोलीकर
आम्हाला हवी! बॅट डावी-उजवी नसते ना?

सानपाडा_रेवती
नाही हो, दोन्हीकडून चालते. शनिवारी सकाळी स्टेशनच्या पूर्वेला या, मेसेज करते.