मेथी नुसती लांबतेय, तीन फुटी रॅकवर दिवे कसे लावू?

इंदिरानगर_उत्तरबाल्कनी
नमस्कार. नाशिकच्या इंदिरानगरला पहिल्या मजल्यावर राहतो, बाल्कनी उत्तरेला. समोर सात मजली इमारत उभी राहिली आणि होतं तेवढंही ऊन गेलं. तुळससुद्धा पिवळी पडली. म्हणून हॉलच्या कोपऱ्यात लोखंडी अँगलचं रॅक लावलं. चार कप्पे, प्रत्येक तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दोन कप्प्यांत सोळा इंच अंतर. जांभळ्या उजेडाच्या पट्ट्या ऑनलाइन मागवून वरच्या पत्र्याला चिकटवल्या. दहाव्या दिवशी मेथी दोऱ्यासारखी, सगळी आडवी. कोथिंबीर उगवलीच नाही. आणि समोरच्या काकूंनी ह्यांना जिन्यात गाठून विचारलं, "रोज संध्याकाळी डीजे असतो का हो तुमच्याकडे?" दिवे बदलू की रॅक?

गंगापूररोड_गच्ची
ताई, ऊन फुकट आहे. गच्चीवर चार कुंड्या ठेवा, विषय संपला.

इंदिरानगर_उत्तरबाल्कनी
गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि सेक्रेटरींचं वाळवण. तिसऱ्याला जागा नाही 🙂

सातपूर_वायरमन
ताई, सातपूरच्या कारखान्यांत तीस वर्षं वायरमनकी केली, आता घरी पुदिना आणि बेसिल लावतो. रॅक काढू नका. तुमचा दिवा फार लांब आहे, एवढंच. ट्रे तीन इंच धरला तर रोपाच्या डोक्यावर फूटभर पोकळी राहते. रोप उजेड शोधत वर पळतं आणि आडवं होतं. आज रात्रीच ट्रेखाली विटा लावा, पानं आणि पट्टीत पाच-सहा इंच राहतील अशा. रोप वाढलं की एक वीट काढायची. साखळ्या-हुकांचा खर्च वाचतो.

जांभळा उजेड वाईट नाही, त्यातही रोप वाढतं. पण त्या रंगात पान पिवळं पडलेलं दिसतच नाही, आणि घरच्यांची डोकी उठतात ती वेगळीच. साध्या पांढऱ्या 6500 केल्विनच्या एलईडी बॅटन (ट्यूबसारखे लांब दिवे) घ्या. चार फुटी 20 वॅटची तुमच्या रॅकच्या बाहेर येईल, म्हणून दोन फुटी 10 वॅटच्या. एका कप्प्याला चार: दोन डाव्या टोकाला भिडवून, दोन उजव्या टोकाला. मधला फूटभर भाग चौघींच्या उजेडात येतो, तिथे मेथी. कडेला पुदिना. मागे आणि बाजूंना पांढरा सनबोर्ड उभा करा, बाहेर सांडणारा उजेड परत पानावर येतो.

मोबाईलवर लक्स, म्हणजे उजेड किती पडतो ते, मोजायचं ॲप असतं. ते अंदाजेच, आणि जांभळ्या उजेडात तर भलतंच दाखवतं. पांढऱ्या उजेडात पालेभाजीला दहा हजारांच्या पुढे आकडा आला की समाधान माना. चौदा-सोळा तास चालू, रात्री पूर्ण अंधार. चार कप्प्यांचे 160 वॅट, चौदा तासांचे सव्वादोन युनिट, महिन्याला सदुसष्टच्या आसपास. थंडीत मार्केट यार्डात कोथिंबिरीच्या जुड्या कशा मातीमोल जातात ते तुम्ही बघताच, तेव्हा हिशोब घालायला बसू नका. हौस म्हणा.

आता खरं बोलायचं ते वायरिंगचं. माझ्या पहिल्या रॅकला वरच्या ट्रेचं पाणी वायरीवरून ओघळत थेट एक्स्टेन्शन बोर्डात गेलं. थेंब थेंब, आठवडाभर, कोणाला दिसलंच नाही. एका सकाळी ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडला म्हणून वाचलो, नाहीतर नातू तिथेच खेळत होता. म्हणून बोर्ड जमिनीवर नको, भिंतीला उंच लावा. प्रत्येक वायर बोर्डाच्या खालपर्यंत झोळीसारखी लोंबू द्या आणि मगच वर पिनेत न्या, म्हणजे पाणी झोळीच्या तळाशी टपकतं. रॅकच्या लोखंडाला अर्थिंग द्या. ईएलसीबी नसेल तर आधी तो बसवा, मेथी नंतर.

दिंडोरी_द्राक्षवाला
वायरमन काकांना +1. कोथिंबीर: धने आख्खे टाकले असणार. चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा. तरी आठ-दहा दिवस लागतातच. एप्रिल-मेमध्ये बंद घरात तिच्या नादी लागू नका. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) स्वतःचं खत नसतं, दोन पानं आली की 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. कृषी सेवा केंद्रात मिळेल. आमच्या बागेचा डोस विचारून टाकाल तर पानं जळतील.

इंदिरानगर_उत्तरबाल्कनी
तीन आठवड्यांनी लिहितेय. ईएलसीबी बसवला, बॅटन एकाच कप्प्याला लावल्या, बाकी कप्प्यांत सध्या पुस्तकं. ॲपवर मध्ये अकरा हजार लक्स, टोकाला सहा हजार. मेथी बुटकी आणि जाड, परवा पहिल्यांदा कात्री लावली, भाजी दोघांपुरती. कोथिंबीर रगडून पेरली ती नवव्या दिवशी वर आली. पण फिरत्या चकतीचा टायमर घेतला होता. काल दुपारी तीन तास लाइट गेली आणि रात्री एकलाही हॉल लख्ख!

सातपूर_वायरमन
लाइट गेली की ती चकतीही थांबते, तेवढाच मागे पडतो. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. तोवर लाइट आली की चकती हाताने पुढे फिरवा.