तालमीत कुणीच हसत नाही. विनोद फसला की मी?

नवखा नट (लाखांदूर तालुका, जि. भंडारा) :
सर्वांना नमस्कार. भाऊबीजेनंतर आमच्या गावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि त्या रात्री नाटक असते. एरवी वडशाची (देसाईगंजची) व्यावसायिक नाटक कंपनी बोलावली जाते. यंदा मात्र गावातल्या हौशी मंडळानेच तीन अंकी विनोदी नाटक बसवले असून त्यातील घरजावयाची भूमिका माझ्याकडे आली आहे. गेले अठरा दिवस समाजमंदिरात रात्री जेवणे आटोपल्यावर तालीम चालते. पहिल्या वाचनाच्या दिवशी माझ्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला मंडळी पोट धरून हसली होती. आता तेच सहकलाकार मख्ख चेहऱ्याने बघतात, आणि सासऱ्याचे काम करणारे गृहस्थ तर माझे स्वगत सुरू झाले की मोबाइलवर धानाचा भाव पाहत बसतात. त्यामुळे मी रोज काहीतरी नवे करू लागलो. आधी आवाज चढवला, मग डोळे फिरवले, आणि काल धोतरात पाय अडकल्याचे सोंग करून चक्क पडलो. दिग्दर्शकांनी तालीम थांबवून ‘हे पडणे कोणत्या पानावर आहे?’ एवढेच विचारले. रंगीत तालमीला आठवडा उरला आहे. विनोदात दम आहे की नाही, हे प्रयोगापूर्वी ओळखायचे तरी कसे?

प्रॉम्प्टर (देसाईगंज परिसर) :
भाऊ, अठरा दिवसांची तालीम म्हणजे आमच्या दृष्टीने चैन आहे. व्यावसायिक कंपनीतला नट हंगामात आज एका गावी, तर उद्या दुसऱ्या गावी उभा असतो. त्याच्या वाट्याला मोजक्या तालमी येतात आणि बाकीचा भार आडून वाक्ये सांगणाऱ्या प्रॉम्प्टरवर पडतो. सहकलाकार हसत नाहीत, कारण पुढचे वाक्य त्यांना तुमच्याइतकेच पाठ आहे. त्यांच्या चेहऱ्यावरून विनोद मोजणे आधी सोडा.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुमचा प्रॉम्प्टर रोज तालमीला बसतो का? हशा सुरू असतानाच त्याने पुढचे वाक्य टाकले, तर नवखा नट घाबरून ते लगेच उचलतो, वाक्य हशात बुडते, आणि मागच्या रांगेतली माणसे ‘काय म्हणाला, काय म्हणाला’ असे शेजाऱ्याला विचारत पुढचा प्रसंगही घालवतात. उलट हशा पार विरेपर्यंत नट थांबला, तर मंच थंड पडतो. हशा चढतो, माथ्यावर पोहोचतो आणि उतरू लागतो. तो उतरत असताना, पूर्ण थांबण्याआधी, पुढचे वाक्य उचलले पाहिजे. रिकाम्या समाजमंदिरात ही जागा अंदाजानेच सोडावी लागते, पण ती सोडण्याची सवय तालमीतच लागते. एका विनोदी नटाशी माझी खूण ठरलेली होती : तो उपरण्याला हात लावेपर्यंत मी ओठ हलवत नसे.

आणखी एक. मंचावर माईक वरून टांगलेले असतात. डोळे फिरवण्याच्या नादात मान वळली, की आवाज गेलाच.

निवृत्त शिक्षक (ब्रह्मपुरी) :
प्रॉम्प्टरांचे म्हणणे खरे आहे. त्याला जोडून सांगतो की मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि विनोदाची कळही पुष्कळदा तिथेच असते, तर नवखे नट नेमके वाक्याच्या शेवटी आवाज पाडतात. ‘मामाजी, मी तुमची म्हस इकली नाही जी, गहान ठेवली’ हे वाक्य घ्या. ‘गहान ठेवली’ हे शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचले नाहीत, तर लेखकाचा काय दोष? असे शब्द आपल्या भागातल्या झाडीबोलीतच ठेवावेत, असेही मला वाटते. पुस्तकी उच्चारात ‘गहाण’ म्हटले, तर तोच जावई तहसील कचेरीतून आल्यासारखा वाटेल.

विनोदी भूमिका म्हणजे नुसत्या कोलांट्या, असे मात्र मानू नका. विनोदी भूमिकांसाठी ओळखले जाणारे गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या सेवेसाठी.

नवखा नट :
गुरुजी, प्रॉम्प्टरदादा, आभार. योगायोगाने आमच्या नाटकातही म्हशीचा व्यवहार आहे, म्हणून ते वाक्य दिग्दर्शकांना विचारून काल घेतले. नक्कल (नाटकाची संहिता) धरून प्रॉम्प्टिंगला बसणाऱ्या काकांशी खूणही ठरवली. तरी सवयीने त्यांनी दोनदा पुढचे वाक्य टाकलेच. तिसऱ्या वेळी मात्र ते गप्प राहिले. मी मान न वळवता शेवटचे शब्द सावकाश टाकले आणि थांबलो. सासऱ्यांनी मोबाइलवरून नजरसुद्धा उचलली नाही. पण चहा घेऊन आलेला मुलगा, ज्याने नाटक कधीच ऐकले नव्हते, तो दारातच असा हसला की दोन कप सतरंजीवर सांडले. आता रोज कुणीतरी नवा माणूस दाराशी बसवायचे ठरले आहे. पडण्याची परवानगी मात्र दिग्दर्शकांनी अजून दिलेली नाही.