सुरुवातीच्या काळातला पोर्टेबल डिजिटल रेडिओ घ्यायचा आहे: कोणता घ्यावा?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांचे वय ७९ असून ते आयुष्यभर रेडिओचे निष्ठावंत श्रोते राहिले आहेत. आमच्या घरी वर्ल्डस्पेसचा, म्हणजे उपग्रहावरून येणारा रेडिओ ऐकवणारा, हिताचीचा संच होता. त्याची पाटीसारखी चौकोनी अँटेना वडील पूर्वेच्या खिडकीत, घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा टेकू देऊन तिरकी उभी करत आणि सकाळी ‘गंधर्व’ वाहिनीवर शास्त्रीय संगीत ऐकत. ३१ डिसेंबर २००९ रोजी ती सेवा भारतात बंद झाली, तेव्हापासून संच कपाटात आहे. मध्यंतरी त्यांनी काटा फिरवून स्टेशन लावायचा एक साधा ट्रान्झिस्टर वापरला, पण आता त्यांचा हात थरथरतो, काटा नेमक्या जागी थांबत नाही आणि दोन स्टेशनांच्या मध्येच अडकून खरखर येत राहते. मोबाइलवर ऐकणे त्यांना मानवत नाही. नव्या चकचकीत संचापेक्षा हाताला ओळखीचे वाटेल असे जुन्या धाटणीचे यंत्र त्यांना हवे आहे, परंतु स्टेशन आकड्यांनी लागले पाहिजे.

माझे प्रश्न असे. वर्ल्डस्पेसचा संच कोणत्याही मार्गाने पुन्हा डिजिटल ऐकवू शकेल का? इंग्लंडमध्ये राहणारे माझे मेहुणे प्युअर कंपनीचा इव्होक-१ हा जुना डॅब (तिकडच्या मनोऱ्यांवरून होणारे डिजिटल प्रसारण) रेडिओ दिवाळीला आणतो म्हणतात, तो पुण्यात चालेल का? आणि दोन्ही शक्य नसेल, तर सुरुवातीच्या काळातला कोणता संच शोधावा?

लेस्टरनिवासी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवाने देऊ शकतो, कारण इव्होक-१ आमच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षे होता. मेहुण्यांना तो आणू देऊ नका. हा संच २००२ मध्ये ९९ पौंडांना आला आणि त्यामुळेच डॅब रेडिओ इथल्या सामान्य घरात शिरला. त्याआधीचे संच कित्येक पटींनी महाग होते. बीबीसीने डॅबवर प्रसारण १९९५ मध्येच सुरू केले होते, पण ते ऐकायला लोकांकडे संचच नव्हते. फिकट लाकडी अंगाचा, वर मूठ असलेला हा संच दिसायला फार देखणा आहे आणि त्याचा आवाज आकाराच्या मानाने भरदार आहे, हे मी मनापासून सांगतो. परंतु त्यात फक्त डॅब आहे. एफएम नाही, मीडियम वेव्ह नाही. भारतात नियमित डॅब प्रसारण नसल्यामुळे पुण्यात तो सुरू होईल, स्टेशने शोधेल आणि एकही सापडले नाही असे पडद्यावर दाखवून गप्प बसेल.

इथेसुद्धा त्याचे दिवस भरत आले आहेत. पहिल्या डॅबमध्ये ध्वनी एमपीईजी लेयर-२ या पद्धतीने दाबून पाठवला जाई. २००७ मध्ये डॅब-प्लस आले. त्यातली ध्वनिपद्धत वेगळी आहे आणि जुन्या संचांना ती उलगडता येत नाही. खासगी वाहिन्यांपैकी बऱ्याच जणी आता डॅब-प्लसवर गेल्या आहेत, त्यामुळे आमच्या संचावर एकेक स्टेशन मुके होत गेले. यंत्रात कोणताही बिघाड नव्हता.

एक गोष्ट जुन्या डॅबच्या बाजूने सांगायला हवी. सिग्नल चांगला असला तर खरखर मुळीच नसे. मात्र सिग्नल कमी पडला की एफएमसारखी हळूहळू खरखर न वाढता आवाज एकदम चिखलातून बुडबुडे यावेत तसा होई आणि मग तुटे. माझ्या आईला ते कधीच पटले नाही. ‘खरखरीतून माणूस शब्द तरी ओळखतो,’ असे ती म्हणायची.

लघुलहरी

वर्ल्डस्पेसबद्दल स्पष्टच सांगतो, कारण हा प्रश्न मला आजही अनेकजण विचारतात. नोआ समारा यांनी १९९० मध्ये उभारलेल्या या कंपनीचे दोन उपग्रह होते: आफ्रिकेसाठी ऑक्टोबर १९९८ मध्ये सोडलेला आफ्रिस्टार आणि आशियासाठी मार्च २००० मध्ये सोडलेला एशियास्टार. आपल्याकडे एशियास्टार ऐकू येई. तो १०५ अंश पूर्व रेखांशावर होता, म्हणून पुण्याहून अँटेना पूर्वेकडून थोडी दक्षिणेला वळवून, क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर रोखावी लागे. आपल्या वडिलांनी वर्तमानपत्राचा टेकू दिला तो अगदी योग्यच होता. प्रसारण १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होते आणि इतक्या उच्च लहरींना झाड किंवा भिंत मध्ये आलेली चालत नाही. कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षअखेरीस भारतातली सेवा थांबली. त्या संचातला डिजिटल भाग एकाच कंपनीच्या प्रसारणासाठी घडवलेला असल्यामुळे दुसरे काहीही त्यावर लागणार नाही. अँटेना बदलून किंवा सॉफ्टवेअर भरून उपयोग होत नाही, तसे सांगून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. मात्र संच टाकू नका. त्याचे एफएम आणि मीडियम वेव्ह चालू आहे का, ते अवश्य पाहा.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरे उत्तर इथेच आहे. ‘डिजिटल रेडिओ’ या एकाच नावाने आपण दोन निराळ्या गोष्टी ओळखतो. एकीत प्रसारणच डिजिटल असते, उदाहरणार्थ डॅब, वर्ल्डस्पेस किंवा डीआरएम (मीडियम वेव्हसारख्या लहरींवरचे डिजिटल प्रसारण). दुसरीत प्रसारण नेहमीचेच असते, पण संच स्वतःची लहर क्वार्ट्झच्या आधाराने आकड्यांनी ठरवतो, म्हणजे ७९२ दाबले की बरोबर ७९२ वरच जाऊन बसतो आणि तिथून सरकत नाही. पहिल्या प्रकारचे जुने संच प्रसारणाची पद्धत बदलली की निकामी होतात. दुसऱ्या प्रकारचे संच चाळीस वर्षांनंतरही काम देतात, कारण ज्या लहरी ते ऐकतात त्या अजून चालू आहेत. आपल्या वडिलांची अडचण थरथरत्या हाताची आहे आणि ती दुसऱ्या प्रकाराने पूर्ण सुटते.

अशा पोर्टेबल संचांची सुरुवात सोनीच्या आयसीएफ-२००१ पासून, १९८० मध्ये झाली असे मी मानतो. समोर आकड्यांची बटणे, काटा नाही. त्या काळी हे पाहून जुने श्रोते चकित झाले होते. पण तो संच सेल फार खातो, म्हणून रोजच्या वापराला सुचवणार नाही. १९८५ चा आयसीएफ-२००१डी, जो अमेरिकेत आयसीएफ-२०१० या नावाने विकला गेला, तो आजही उत्तम संचांमध्ये गणला जातो. त्यातल्या सिंक्रोनस डिटेक्शनमुळे दूरच्या स्टेशनाचा आवाज चढउतारात फाटत नाही. वडिलांसाठी मात्र मी आयसीएफ-७६००डी (१९८३) किंवा त्याच घराण्यातला पुढचा एसडब्ल्यू७६००जी (१९९४) सुचवेन. पुस्तकाएवढा आकार, मांडीवर सहज राहतो, आणि ‘जी’ तर चार पेन्सिल सेलांवर चालतो. मोठे, दणकट यंत्र आवडत असेल तर सँगीनचा एटीएस-८०३ए पाहावा, पण त्याला टॉर्चचे मोठे सेल लागतात आणि वजन त्या मानाने असते.

सोनीचेच दोन संच देखणे असूनही टाळावेत. कॅसेटच्या डबीएवढ्या एसडब्ल्यू१ मधले कपॅसिटर कालांतराने गळतात आणि आवाज बारीक होत जातो. चष्म्याच्या घरासारख्या उघडणाऱ्या एसडब्ल्यू१०० च्या सुरुवातीच्या प्रतींत बिजागरीतून जाणारी चपटी तार उघडझाप करून तुटते. दोन्ही दुरुस्त होतात, परंतु हे काम हौशी संग्राहकाचे आहे.

सोल्डरगन

लघुलहरी काकांच्या म्हणण्याला मी दुजोरा देतो आणि खरेदी करताना काय पाहायचे ते सांगतो, कारण जुन्या संचांत फसगत होते ती बहुधा पाच मिनिटे न तपासल्यामुळे.

सर्वांत आधी सेलची खोबण उघडा. हिरवट-पांढरी पूड दिसली तर स्प्रिंग पुसून भागत नाही, गळती आत तारेपर्यंत गेलेली असू शकते. मी एका विक्रेत्याच्या ‘जवळजवळ नवीन’ या शब्दावर विसंबून घरपोच संच मागवला होता. वरून तो खरेच नवा वाटत होता, पण आतली पट्टी पूर्ण गंजलेली निघाली. नंतर आकड्यांचे प्रत्येक बटण दाबून पाहा. त्याखालचे रबर वाळले की एखादा आकडा दोन-तीनदा दाबावा लागतो, आणि थरथरत्या हाताला नेमका तोच त्रास होईल.

आयसीएफ-२००१डी ला तीन मोठ्या सेलांखेरीज दोन पेन्सिल सेल वेगळे लागतात, आणि ते नसले तर संच सुरूच होत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात मला तो ‘बंद’ म्हणून मिळाला होता. घरी आणून दोन पेन्सिल सेल घातले, पडद्यावर आकडे उमटले आणि माझा मुलगा टाळ्या वाजवू लागला. त्यामुळे विकणारा बंद म्हणतो तेव्हा कोणते सेल घातले होते, हे अवश्य विचारा.

अमेरिकेतून आलेला संच असेल तर आणखी एक बाब आहे. तिकडे मीडियम वेव्हवरची स्टेशने १०-१० किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, आपल्याकडे ९-९ च्या. पुणे ७९२, मुंबई ५५८ आणि १०४४, हे सारे नऊच्या पाढ्यातले आकडे आहेत. दहाच्या टप्प्याने सरकणारा संच शोधताना ७९० वर थांबेल, मग ८०० वर, आणि आवाज घुसमटलेला येईल. बहुतेक संचांत ९ आणि १० मधले बटण असते, ते आधी बदलून घ्या. सोबत अमेरिकी अडॅप्टर आला तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये चुकूनही लावू नका.

मुळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मेहुण्यांना इव्होक-१ आणू नका असे कळवले. वर्ल्डस्पेसचा संच कपाटातून काढला. त्याचे एफएम सुरू आहे, म्हणून तो आता आईच्या देवघराशेजारी ठेवला आहे.

सोल्डरगन यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक बटण दाबून तपासल्यावर मी एसडब्ल्यू७६००जी घेतला. काल संध्याकाळी वडिलांच्या मांडीवर दिला. त्यांनी चष्मा लावला, डाव्या हाताने उजवे मनगट धरले आणि एकेक बटण दाबत सात, नऊ, दोन असे आकडे मोठ्याने म्हटले. पुणे केंद्र लागले. त्यानंतर त्यांनी तेच स्टेशन पुसून तीनदा पुन्हा लावून पाहिले. एफएमवर १०१ ही त्यांनी स्वतः लावले.

त्यांची एक विचारणा आहे. दिवसा मुंबईची मराठी ‘अस्मिता’ वाहिनी आमच्याकडे फारच क्षीण येते. त्यावर काही उपाय आहे का?

लघुलहरी

‘अस्मिता’चे ५५८ हे रात्री लावून पाहा, अंधार पडल्यावर मीडियम वेव्ह दूरवरून परतून येते. खोलीतले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर तेवढ्यापुरते बंद करा, मीडियम वेव्हवरची अर्धी गुणगुण त्यांचीच असते. वरची दांडी ओढून उपयोग होणार नाही, कारण मीडियम वेव्हसाठीची अँटेना ही संचाच्या आत, त्याच्या लांबीला समांतर बसवलेली फेराइटची कांडी आहे. तिला स्टेशन बाजूने समोर लागते, टोकाने नाही. मुंबई पुण्याच्या वायव्येला आहे, तेव्हा संचाचे तोंड किंवा पाठ वायव्येकडे करून आवाज सर्वांत स्पष्ट येईल तिथपर्यंत त्याला हळूहळू फिरवा आणि त्या जागी टेबलावर खडूची एक खूण करून ठेवा, म्हणजे वडिलांना रोज शोधावे लागणार नाही.