फराळ लंडनच्या हाउन्सलोला आणि मेट्रोची लाइन बंद

वहिनी (हाउन्सलो): शनिवारी फराळाला सगळे साडेबारापर्यंत या. अनारसे फसलेत, त्यावर चर्चा नको.

मी: वहिनी, ॲप बघितलं का? शनिवार-रविवार पिकॅडली लाइन ॲक्टन टाउनच्या पुढे, तुमच्याकडे आणि हीथ्रो विमानतळाकडे बंद.

वहिनी: परत?? ऐन दिवाळीत?

दादा: नव्या गाड्यांची तयारी चाललीये. आत्ताच्या १९७५ पासून धावतायत, माझ्याहून थोरल्या.

ताई (फिन्सबरी पार्क): आधी म्हणाले २०२५ मध्ये येणार, आता २०२६ चा उत्तरार्ध. तोवर सकाळी समोरच्या फलाटावरून व्हिक्टोरिया लाइनची अर्धी गर्दी आमच्या गाडीत घुसते. पहिली गाडी सोडायचीच, दुसरीत फक्त पर्स शिरते. उन्हाळ्यात तर आत भट्टी.

काका (डोंबिवली): आमच्याकडे रविवारी मेगाब्लॉक असतोच. कोणी रडत नाही.

ताई: काका, तुमचा ब्लॉक संध्याकाळी उठतो तरी. इथे सलग दोन दिवस.

काका: रात्री काम करायला काय होतं त्यांना?

दादा: करतात ना. पण इथे ओव्हरहेड वायर नाही, करंट खाली रुळांच्या जोडीला टाकलेल्या जादा दोन रुळांतून. शेवटची गाडी गेली की तो बंद करायचा, माणसं उतरवायची, पहाटे पाचच्या आत सगळं आवरून पुन्हा चालू. हातात दोन-तीन तास उरतात. त्यात शुक्रवारी-शनिवारी रात्रभर गाड्या.

काका: बरं. सिग्नल कुठला बसवतायत?

दादा: जुनाच ठेवलाय. ९४ गाड्या मागवल्या, सिग्नलचं काम पैशांअभावी पुढे ढकललं. तासाला २४ गाड्यांच्या २७ होतील. सिग्नलही बदलला असता तर ३३.

काका: अरे देवा. माझी सगळी नोकरी सिग्नल खात्यात गेली म्हणून सांगतो, पुढची गाडी सेक्शन, म्हणजे रुळाचा तो टप्पा, सोडत नाही तोवर मागचीला लालच. मग ती कोरी करकरीत असो नाहीतर पन्नास वर्षांची. उद्या पैसे आले की त्याच लाइनवर पुन्हा ब्लॉक घेणार. एकाच कामाचा त्रास दोनदा!

ताई: हेच मी कधीची सांगतेय. बंद ठेवा, पण एकदाच काय ते उरका.

मी: एसी तरी मिळेल. खोल, अरुंद बोगद्यातल्या लाइनवर पहिल्यांदाच.

काका: बोगदा केवढा?

दादा: जेमतेम साडेतीन मीटर व्यास, मधला भाग १९०६ चा. गाडीच्या वर जागाच नाही. म्हणून डबे एकमेकांना जोडून बोगी, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे, कमी केलेत आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत एसी.

काका: हे मात्र डोकं लावलंय. फोटो टाक.

मावशी (पुणे): तुमचं बोगी-बोगी झालं असेल तर सांगा, आमचं विमान रविवारी सकाळी हीथ्रोला उतरतंय. आम्ही काय चालत यायचं?

दादा: मावशी, मी गाडी घेऊन येतो. एलिझाबेथ लाइन चालू आहे, पण ती शहराच्या मध्यात पॅडिंग्टनकडे नेईल, आपल्या उपयोगाची नाही. मला उशीर झालाच तर १११ नंबरची बस थेट हाउन्सलोला येते.

मावशी: बस नको. दोन बॅगा आणि भाजणीचा डबा आहे.

ताई: मग आम्ही शनिवारी कसं यायचं? बदली बसला ॲक्टन टाउनला ही लांब रांग असते.

दादा: वॉटर्लूहून हाउन्सलोची लोकल धर. स्टेशनवर न्यायला येतो.

वहिनी: फराळ दीड वाजता. आणि मावशी, अनारशांचं पीठ असेल तर तेही आणा.